फुलीचे मोल
(चौकटीची कोडी सोडविण्याची रीत)

मुठेच्या काठी वसलेल्या नारायण पेठेचे नाव काढले की वडीलधाऱ्या माणसांस केसरीवाडा आठवतो, मोदी गणपती आठवतो, पत्र्या मारुती आठवतो. आजच्या तरुणांस मात्र त्याआधी अभ्यासिका आणि खाणावळी आठवतात. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून मुले-मुली येथे येतात, खाटेपुरती जागा भाड्याने घेतात, खाणावळीत दोन वेळ जेवतात आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली पुस्तके पुढे घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत बसतात. त्यांतील पुष्कळांच्या मागे गावाकडे शेत कसणारे किंवा मोलमजुरी करणारे आईबाप असतात. आणि दरमहा येणारा पैसा त्यांनी पोटास चिमटा घेऊन बाजूस काढलेला असतो.

ह्या परीक्षांत एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष फार लवकर होते, आणि तिचा फटका फार उशिरा कळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ सालापासून दुसरी पत्रिका विचारशक्तीची असते. तिला सर्व जण 'सीसॅट' म्हणतात. दोन तास, ८० प्रश्न, २०० गुण. २०१५ सालापासून ही पत्रिका केवळ पात्रतेपुरती ठेविली गेली. म्हणजे तीत शेकडा ३३, अर्थात् ६६ गुण मिळविले की पुरे. परंतु तेवढे न मिळाल्यास पहिल्या पत्रिकेत इतिहास, भूगोल व राज्यघटना ह्यांवर कितीही गुण मिळविलेले असोत, पुढचे दार बंद होते. इतिहासाचे खंडच्या खंड तोंडपाठ असलेला मनुष्य ह्या ६६ गुणांच्या उंबरठ्यावर अडखळतो, ही काही थोडीथोडकी हानी नव्हे. त्याचे एक वर्ष जाते, आणि आईबापांचेही एक वर्ष जाते.

ह्या पत्रिकेत, तसेच बँकांच्या परीक्षांत, एका विशिष्ट जातीची कोडी येतात. चार-पाच माणसे, त्यांची गावे, त्यांची घरे, त्यांचे व्यवसाय ह्यांविषयी काही तुटक विधाने दिलेली असतात व कोणाचे काय ते ओळखावयाचे असते. आपल्या शाळकरी मित्रांस शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ह्यांचीच धाकटी भावंडे भेटतात. ही कोडी चौकट आखून सोडवावयाची असतात, म्हणून आपण त्यांस चौकटीची कोडी म्हणू. त्यांना पाठांतर लागत नाही, शिकवणीची मोठी फी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि शांत चित्त एवढेच भांडवल लागते. तेव्हा ती सोडविण्याची रीत काय, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण काल्पनिक आहे; त्यातील स्थळे मात्र नारायण पेठेतली खरी आहेत.

अनसूया, इंदिरा, कमला व सुशीला अशा चार मुली परीक्षेच्या अभ्यासासाठी नारायण पेठेत राहतात. त्यांपैकी एक साताऱ्याची, एक लातूरची, एक चंद्रपूरची व एक रत्नागिरीची आहे. एक केसरीवाड्याजवळ, एक मोदी गणपतीजवळ, एक पत्र्या मारुतीजवळ व एक माती गणपतीजवळ राहते. दिलेली माहिती अशी :

१. चंद्रपूरची मुलगी मोदी गणपतीजवळ राहते.
२. अनसूया व इंदिरा ह्यांपैकी कोणीही मोदी गणपतीजवळ राहत नाही.
३. सुशीला साताऱ्याची आहे.
४. लातूरची मुलगी केसरीवाड्याजवळ राहत नाही, आणि माती गणपतीजवळही राहत नाही.
५. इंदिरा पत्र्या मारुतीजवळ राहत नाही.
६. सुशीला केसरीवाड्याजवळ राहत नाही.

तर प्रत्येकीचे गाव कोणते व बिऱ्हाड कोठे?

प्रथम हे लक्षात घ्यावे की चार मुलींना चार गावे २४ प्रकारांनी वाटता येतात. चार बिऱ्हाडेही २४ प्रकारांनीच. दोन्ही मिळून २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ मांडण्या होतात. एकेक मांडणी घेऊन ती पडताळीत बसलो तर परीक्षेची वेळ संपून जाईल. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नास सरासरीने दीड मिनिट येते! म्हणून मांडण्या धुंडाळावयाच्या नाहीत, त्या खोडावयाच्या.

त्यासाठी कागदावर तीन चौकोन आखावेत. प्रत्येकात चार आडव्या व चार उभ्या ओळी, म्हणून १६ घरे. पहिल्या चौकोनात डावीकडे मुलींची नावे व वर गावे लिहावीत. दुसऱ्यात डावीकडे मुलींची नावे व वर बिऱ्हाडे लिहावीत. तिसऱ्यात डावीकडे बिऱ्हाडे व वर गावे लिहावीत. नवशिका विद्यार्थी हा तिसरा चौकोन बहुधा गाळतो, आणि तेथेच त्याचे कोडे अडते. कारण 'चंद्रपूरची मुलगी मोदी गणपतीजवळ राहते' ह्या विधानात कोणाचे नावच नाही, मग ते टिपावयाचे कोठे? ते तिसऱ्या चौकोनात टिपावयाचे.

खुणा दोनच. आपण पाटीवर फुली-गोळ्याचा खेळ खेळतो, त्याच येथे घ्याव्यात. 'असे आहे' हे ठरले तेथे गोळा. 'असे नाही' हे ठरले तेथे फुली. जे ठरले नाही ते घर कोरे ठेवावे.

आता पहिले विधान. तिसऱ्या चौकोनात मोदी गणपती व चंद्रपूर ह्यांच्या घरात गोळा घालावा. एका बिऱ्हाडी एकच मुलगी असल्याने त्या आडव्या ओळीतील इतर तीन घरांत व त्या उभ्या ओळीतील इतर तीन घरांत लगेच फुल्या घालाव्यात. एका गोळ्यापाठोपाठ सहा फुल्या, हा पहिला नियम. ५७६ मांडण्यांपैकी आता १४४ उरल्या.

दुसरे विधान नकाराचे आहे. दुसऱ्या चौकोनात अनसूया व इंदिरा ह्यांच्या ओळींत मोदी गणपतीखाली फुल्या घालाव्यात. परंतु येथे थांबू नये. मोदी गणपतीजवळची मुलगी तीच चंद्रपूरची, हे आपण जाणतो. म्हणून जी मोदी गणपतीजवळ नाही ती चंद्रपूरचीही नाही. तेव्हा पहिल्या चौकोनातही त्या दोघींच्या ओळींत चंद्रपूरखाली फुल्या घालाव्यात. एका चौकोनातील फुली गोळ्याच्या आधाराने दुसऱ्या चौकोनात नेता येते, हा दुसरा नियम. मांडण्या ७२ उरल्या.

तिसरे विधान : सुशीला साताऱ्याची. पहिल्या चौकोनात गोळा घालून त्याच्या सहा फुल्या घालाव्यात. आता तो चौकोन असा दिसेल :

| | सातारा | लातूर | चंद्रपूर | रत्नागिरी |
|---|---|---|---|---|
| अनसूया | × | | × | |
| इंदिरा | × | | × | |
| कमला | × | | | |
| सुशीला | ○ | × | × | × |

चंद्रपूरची उभी ओळ पाहा. तीन घरांत फुल्या पडल्या. उरले ते एकच. म्हणून कमला चंद्रपूरची, आणि पहिल्या विधानावरून ती मोदी गणपतीजवळची. कमलेचे नाव सहाही विधानांत कोठे नाही. तरी सर्वांत आधी तिचाच पत्ता लागला! ज्याच्याविषयी कोणी काहीच बोलत नाही त्याच्याविषयी इतरांवरच्या फुल्या बोलतात. एका ओळीत एकच घर कोरे उरले की तेथे गोळाच पडावयाचा, हा तिसरा नियम. मांडण्या आता १२ राहिल्या.

चौथ्या विधानाने लातूरच्या मुलीस केसरीवाडा नाही व माती गणपती नाही. मोदी गणपती चंद्रपूरच्या मुलीने घेतलेला आहेच. तिसऱ्या चौकोनात लातूरखाली तीन फुल्या झाल्या. म्हणून लातूरची मुलगी पत्र्या मारुतीजवळ राहते. मांडण्या ४.

पाचवे विधान : इंदिरा पत्र्या मारुतीजवळ नाही. म्हणजे दुसऱ्या नियमाने ती लातूरचीही नाही. सातारा व चंद्रपूर तिला आधीच नाहीत. म्हणून ती रत्नागिरीची. मग लातूरची अनसूया, आणि पत्र्या मारुतीजवळ राहते तीही तीच. मांडण्या २.

सहावे विधान : सुशीला केसरीवाड्याजवळ नाही. तिला माती गणपती राहिला, आणि इंदिरेस केसरीवाडा. मांडणी एकच उरली. अनसूया लातूरची, पत्र्या मारुतीजवळ. इंदिरा रत्नागिरीची, केसरीवाड्याजवळ. कमला चंद्रपूरची, मोदी गणपतीजवळ. सुशीला साताऱ्याची, माती गणपतीजवळ.

आता एकवार मागे वळून पाहावे. सहा विधानांपैकी होकाराची दोनच, नकाराची चार. भरलेल्या ४८ घरांपैकी गोळे १२ आणि फुल्या ३६. उतावळा विद्यार्थी नकाराचे विधान वाचून म्हणतो, 'ह्यात काय मिळाले? कोठे राहत नाही एवढेच कळले!' आणि ते न टिपता पुढच्या विधानाकडे धावतो. परंतु ह्या कोड्याचे उत्तर त्या नकारांतूनच घडले. जे नाही ते निश्चितपणे जाणणे हेही ज्ञानच आहे, आणि ते होकाराइतक्याच काळजीने टिपून ठेवावयाचे असते.

ही गोष्ट आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांस चांगली ठाऊक होती. न्यायशास्त्रात 'शेषवत्' किंवा 'परिशेष' नावाचे एक अनुमान सांगितलेले आहे. जितके पर्याय संभवतात तितके मांडावयाचे, जे टिकत नाहीत ते एकेक बाजूस सारावयाचे, आणि जो शेष राहील तो स्वीकारावयाचा. शब्द म्हणजे ध्वनी हा द्रव्य नाही, कर्म नाही, तेव्हा तो गुण होय, असे त्याचे उदाहरण न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात येते. आपण चंद्रपूरच्या उभ्या ओळीत जे केले ते हेच.

विलायतेत ऑक्सफर्ड येथे गणित शिकविणारे चार्ल्स डॉजसन, ज्यांस बालवाचक लुई कॅरोल ह्या नावाने ओळखतात, ह्यांनी १८८६ साली तर्कशास्त्राचा एक खेळच पुस्तकरूपाने काढला. त्यासोबत घरे आखलेला पट होता आणि दोन रंगांच्या सोंगट्या होत्या. घरात काही आहे हे दाखविण्यास तांबडी सोंगटी, आणि घर रिकामे आहे हे दाखविण्यास करडी. रिकामेपणासाठी स्वतंत्र सोंगटी ठेवण्यात त्यांची दूरदृष्टी दिसते. कारण 'येथे काही नाही' आणि 'येथे काय आहे हे मला अजून ठाऊक नाही' ह्या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या चौकटीत पहिलीस फुली आहे व दुसरीस कोरे घर. ह्या दोहोंत गल्लत झाली की कोडे बिघडलेच म्हणून समजावे.

पाच घरांचे एक प्रसिद्ध कोडे सर्वत्र सांगितले जाते. त्यात पाच घरे, त्यांचे रंग, राहणाऱ्यांचे देश, त्यांची पेये, त्यांची जनावरे इत्यादी माहिती असते, आणि झेब्रा कोणाचा असे विचारलेले असते. ते आइन्स्टाईन ह्यांनी लहानपणी रचले असे म्हणतात, पण त्यास पुरावा नाही. छापील स्वरूपात ते १९६२ सालच्या डिसेंबरात 'लाइफ इंटरनॅशनल' ह्या नियतकालिकात आले. त्यात संभवनीय मांडण्या २,४८८ कोटी ३२ लाख होतात. तरीही दहावीतील विद्यार्थी फुली-गोळ्याच्या ह्याच रीतीने ते एका सकाळी सोडवू शकतो. रीत हाती असली म्हणजे आकड्याच्या मोठेपणाला भिण्याचे कारण उरत नाही.

आता काही सावधगिरीच्या सूचना.

विधान दोनदा वाचावे. 'अनसूया किंवा इंदिरा मोदी गणपतीजवळ राहते' आणि 'अनसूया व इंदिरा ह्यांपैकी कोणीही तेथे राहत नाही' ही वाक्ये घाईत सारखी भासतात. अर्थाने ती परस्परविरुद्ध आहेत. 'फक्त', 'किमान', 'लगेच पुढे' अशा लहान शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. कोड्याची किल्ली पुष्कळदा त्यांतच असते.

विधानात न बोललेली फुली असते, तीही टिपावी. 'लातूरची मुलगी आणि माती गणपतीजवळ राहणारी मुलगी एकमेकींस पुस्तके देतात' ह्या वाक्यात 'नाही' हा शब्द नाही. पण देणारी व घेणारी दोन निराळ्या असावयास हव्यात, म्हणून लातूर व माती गणपती ह्यांच्या घरात फुली पडते.

शेवटच्या विधानापर्यंत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावे. पहिल्या खेपेस मुके वाटलेले विधान नवीन फुल्यांच्या उजेडात बोलू लागते.

आणि जर अडलेच, तर अंदाजाने गोळा घालू नये. 'धरून चालू' असे म्हणून एका कोऱ्या घरात अगदी फिकट खूण करावी व तिचे परिणाम पाहावेत. एका मुलीस दोन गावे आली किंवा एखादी ओळ फुल्यांनीच भरली, तर धरलेली गोष्ट खोटी. त्या घरात खरी फुली घालावी. ह्या रीतीस न्यायशास्त्रात तर्क म्हणतात. मात्र विरोध निघाला नाही म्हणून धरलेली गोष्ट खरी ठरली असे समजू नये. दुसरी बाजूही तशीच तपासून पाहावी. विरोध न दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे.

फुलीचे मोल गुणांतही मोजता येते. वर सांगितलेल्या पत्रिकेत प्रत्येक प्रश्नास अडीच गुण असून चुकीच्या उत्तरास त्याचा एक तृतीयांश वजा होतो. समजा, १२ प्रश्न येत नाहीत आणि चार पर्यायांतून डोळे मिटून उत्तरे दिली. सरासरीने ३ बरोबर येतील व ९ चुकतील. साडेसात मिळाले, साडेसात गेले, हाती शून्य! परंतु प्रत्येक प्रश्नात एका पर्यायावर खात्रीने फुली मारता आली, तर ४ बरोबर व ८ चूक. सुमारे सव्वातीन गुण हाती राहतात. दोन पर्यायांवर फुली मारता आली, तर ६ बरोबर व ६ चूक. पंधरातून पाच जाऊन दहा गुण उरतात. उत्तर पूर्ण कळले नसताही, काय नाही हे जितके कळले तितके गुण पदरात पडतात. ज्याला ६६ गुणांची वेस ओलांडावयाची आहे, म्हणजे निदान २७ उत्तरे बरोबर आणावयाची आहेत, त्याला हे दहा गुण लहान नव्हेत. मात्र फुली खरी असली पाहिजे. लहरीने मारलेली फुली ही डोळे मिटून दिलेल्या उत्तराहून निराळी नाही.

पालकांस दोन शब्द. मुलगा मोठा होऊन परीक्षेस बसेल तेव्हा पाहू, असे म्हणून हा अभ्यास पुढे ढकलू नये. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पुरेत. मुलाने किंवा मुलीने खूण केली की 'हे कशावरून?' एवढेच विचारावे. कारण सांगता आले तर खूण ठेवावी. न आले तर पुसून टाकावी. उत्तर आपण सांगू नये, आणि घाईही करू नये. वेग हा खात्रीच्या मागून आपोआप येतो. ज्या घरात 'कशावरून?' ह्या प्रश्नाचा राग येत नाही, त्या घरातील मूल ऐकीव बातमीवर भुलत नाही, आणि न तपासता कोणाच्या नावावर दोषही ठेवीत नाही. तो लाभ कोणत्याही परीक्षेच्या गुणांहून थोडा नाही.

शेवटी, धाकट्या मित्रांसाठी एक कोडे. गोविंद, रघू व सखाराम हे तिघे पाचवी, सहावी व सातवी ह्या निरनिराळ्या इयत्तांत आहेत. आणि आट्यापाट्या, खोखो व लंगडी ह्यांपैकी निरनिराळे खेळ खेळतात.

१. आट्यापाट्या खेळणारा पाचवीत नाही व सहावीतही नाही.
२. रघू लंगडी खेळत नाही व तो सातवीत नाही.
३. गोविंद लंगडी खेळत नाही.
४. खोखो खेळणारा पाचवीत नाही.

मांडण्या ३६ आहेत, विधाने चार, आणि त्या चारांत होकार एकही नाही. तरी उत्तर एकच निघते. पेन्सिल घ्यावी, तीन चौकोन आखावेत, आणि पहिली फुली घालावी.